चारही चाकं

जीप सुरू करायची म्हणजे रोज सकाळी आधी तिची मनधरणी करावी लागे. बॉनेट उघडा, बॅटरीच्या टोकावर पान्याने दोन टोले द्या, डिझेलचा हातपंप वीस वेळा दाबा, मग दुसऱ्या बाजूने आत शिरून किल्ली फिरवा. दुसऱ्या बाजूने, कारण ड्रायव्हरकडचा दरवाजा तीन वर्षांपूर्वी बिजागरीतून निखळला होता आणि तेव्हापासून दोरीने बांधलेला होता. एवढं करून गाडीच्या मनात असलं तर ती सुरू व्हायची. नसलं तर सून तिला अंगणाच्या उतारावरून फाटकाकडे ढकलायची, नवरा आत बसून क्लच सोडायचा, आणि सासरे ओट्यावरून ओरडायचे, "दुसऱ्या गिअरमध्ये टाक! दुसऱ्या! अरे, कितीदा सांगायचं तुला?"

हँडब्रेक नुसता शोभेला होता. म्हणून गाडीत एक लाकडी ठोकळा असे. चढावर गाडी अडली की तो मागच्या चाकाखाली सरकवायचा, म्हणजे गाडी मागे घरंगळत नाही. ठोकळा घेऊन गाडीमागून चालायचं काम सुनेकडे. लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात सासऱ्यांनी तो तिच्या हातात दिला होता, आणि नऊ वर्षं झाली तरी तो सुटला नव्हता. लोकांच्या बायका गाडीत बसून जातात. हिच्या दारात गाडी, आणि ही गाडीच्या मागून चिखल तुडवत जायची. कुणाला सांगितलं तर हसतील, म्हणून ती माहेरीही बोलली नव्हती.

घर ओढ्याकाठी, खाली. वरची वस्ती डोंगरावर, बारा-तेरा घरांची, आणि घरटी दोन-तीन दुभती जनावरं. डेअरीचा टेंपो पुलापर्यंतच येई. वस्तीवरचं दूध पुलापर्यंत आणून द्यायचं काम जीपकडे होतं, आणि घर चालत होतं ते त्याच कामावर. रिकामे कॅन घेऊन पहाटे वर जायचं, सातच्या ठोक्याला भरलेले कॅन पुलावर हजर. कोरड्या दिवसांत ते जमायचं, पावसाळ्यात रडतखडत जमायचं. यंदा पावसाने मोठ्या चढावरची सगळी खडीच धुऊन नेली. खाली उरली नुसती माती, तीही लोण्यासारखी. गेल्या आठवड्यात एकदा उशीर झाला होता, आणि आज पुन्हा तीच लक्षणं दिसत होती.

निघायच्या आधी सासऱ्यांनी मागे वाळूची चार पोती टाकायला लावली होती. "गाडी उसळत नाही," असं ते दर पावसाळ्यात सांगायचे. पोती उचलायची सुनेने. निम्म्या चढावर जीप अडली, मागचं डावं चाक चिखलात रुतलं, आणि सुनेने पळत जाऊन ठोकळा सरकवला. त्याच क्षणी नवऱ्याने जोर दिला आणि ओंजळभर चिखल तिच्या तोंडावर आला.

"अहो, दिसत नाही का? मी आहे मागे!"

"मग बाजूला हो ना!"

"बाजूला झाले तर ठोकळा कोण लावणार, तुमचे काका?"

तिने बाहीने डोळे पुसले आणि बाजूने गाडीकडे पाहिलं. मागची चाकं गरागरा फिरत होती. पुढची दोन्ही आपली जागच्या जागी, पाहुण्यासारखी बसलेली.

"छोटी लिव्हर ओढली का?" तिने विचारलं.

"ओढलीये गं! खालपासून ओढलीये!"

छोटी लिव्हर म्हणजे या गाडीचं सगळं वैभव. मोठ्या गिअरच्या शेजारी ती होती. ती ओढली की पुढच्या चाकांनाही जोर मिळतो आणि गाडी चारही चाकांनी चढते. पंचक्रोशीत अशी गाडी दुसऱ्या कुणाकडे नव्हती. वस्तीवरचे लोक सासऱ्यांना नावाने हाक मारतच नसत, 'फोरव्हीलवाले' म्हणत, आणि सासऱ्यांची मान त्या एका शब्दाने ताठ राहायची.

"पण पुढची चाकं फिरत नाहीयेत," सून म्हणाली.

"रुतली असतील."

"रुतलेली नाहीत. फिरतच नाहीयेत."

"तू आता गाडी शिकवणार का मला? एक बाबा आहेत तेवढे पुरे आहेत!" नवरा खेकसला. मग लगेच त्याचं त्यालाच वाईट वाटलं असावं. तो खाली उतरला आणि मुकाट्याने दगड गोळा करायला लागला.

पुलावर पोचेपर्यंत पावणेआठ झाले. डेअरीचा बाबू हातातल्या वहीची सुरळी करून मांडीवर आपटत उभा होता. त्याने कॅनचं झाकण उघडून वास घेतला, नाक मुरडलं, आणि दोन कॅन बाजूला काढले.

"हे चालायचं नाही. आणि हे बघा, दुसऱ्यांदा झालं. तिसऱ्यांदा झालं तर काम ट्रॅक्टरवाल्याला द्यायचं ठरलंय. माझ्या हातात काही नाही."

ट्रॅक्टरवाला तिथेच होता. त्याचा ट्रॅक्टर धुतलेला, त्याचा सदराही धुतलेला. तो सुनेकडे बघून फार सहानुभूतीने म्हणाला, "वहिनी, कपाळावर चिखल आहे. पुसून घ्या."

तिने पुसला नाही. घरापर्यंत तशीच आली.

घरी सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मुलाकडे बघितलं. ते बघणं सुनेच्या ओळखीचं होतं. जेवताना, अंगणात, वस्तीवर चार लोकांत, दहा वर्षं नवरा ते बघणं सोसत आला होता.

"चार चाकं ओढतात, तरी तुला चढत नाही," सासरे म्हणाले. "मी याच चढावर दोन गाई घालून नेल्यात. भर पावसात! एकदा नाही अडकली. गाडी हातात असावी लागते, हातात."

नवरा ताटात बघत होता. रांगडा माणूस, शंभर किलोचं पोतं एकटा उचलणारा, पण बाप बोलायला लागला की त्याचे खांदे आपोआप खाली यायचे. "उद्या लवकर निघतो," एवढंच म्हणाला.

"लवकर निघून काय होणार? आठवडाभर आधी निघालास तरी तिथेच अडकशील!"

"मामंजी," सून म्हणाली, "पुढची चाकं फिरत नव्हती. मी डोळ्यांनी बघितलं. एकदा फिटरला दाखवू या."

सासऱ्यांचा हात ताटातच थांबला. "त्या फिटरचं नाव काढायचं नाही या घरात. माझ्या गाडीखाली माझ्याशिवाय कुणी शिरायचं नाही, हे एकदा सांगितलंय. कागदावर माझं नाव आहे अजून."

हे मात्र खरं होतं. कागदावर त्यांचं नाव होतं, आणि गाडीखाली तेच शिरायचे. डोळे अधू झाले, गुडघा वाकेना, गाडी चालवणं सुटलं, तरी दर पंधरवड्याला ते गोणपाट अंथरून, कण्हत, ग्रीसचा डबा घेऊन गाडीखाली जायचे. मुलाने मदतीला वाकून बघितलं तरी हाकलायचे. गिअरबॉक्सखाली त्यांनी एक मोठा पत्राही ठोकून घेतला होता, दगड लागू नये म्हणून. नवऱ्याला लहानपणापासून त्या गाडीखाली जायची बंदी होती, आणि मोठेपणी ती मोडायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं. सुनेला या सगळ्याचा इतका वीट आला होता की कधी कधी वाटायचं, ही जीप ओढ्यात ढकलून द्यावी आणि एक म्हैस जास्तीची घ्यावी.

दुपारी सासरे आडवे झाले. सून गोठ्याकडे निघाली, तर जीपखालचा पत्रा एका बाजूने सुटून लोंबताना दिसला. सकाळी दगडाला घासला असणार. असाच राहिला तर उद्या वाटेत पडणार आणि त्याचं खापरही नवऱ्यावरच फुटणार. तिने डोक्याला फडकं बांधलं, पाना घेतला आणि पाठीवर सरकत आत गेली.

गाडीखाली तेलाचा आणि ओल्या मातीचा वास होता. अंगाखालचा खडा पाठीत रुतत होता. तिने पत्र्याचा उरलेला बोल्ट सोडला, पत्रा छातीवर घेतला आणि वर बघितलं. गाडीतलं तिला काही कळत नव्हतं, पण डोळे होते. मधल्या पेटीतून एक जाड दांडा मागच्या चाकांकडे गेला होता. पेटीच्या पुढच्या अंगाला तसाच दांडा जोडायचं तोंड होतं, आणि पुढच्या चाकांच्या मध्येही तसंच तोंड होतं. मधे मात्र काही नव्हतं. पेटीच्या तोंडाला एक प्लॅस्टिकची पिशवी घातलेली होती, सुतळीने गच्च बांधलेली, वरून ग्रीस चोपडलेलं.

ती दोन्ही तोंडांकडे आळीपाळीने बघत राहिली. मग तिने सुतळी सोडली आणि पिशवी काढून घेतली.

"अहो, इकडे या," तिने नवऱ्याला हाक मारली. "खाली बघा."

"बाबा उठतील."

"उठू देत. खाली बघा म्हणते ना!"

नवरा घरातल्या बंद दाराकडे एकदा बघून गुडघ्यांवर बसला, मान वाकडी करून आत डोकावला. त्याला समजायला तिच्यापेक्षा कमी वेळ लागला. तो उठला, हात झटकले, पुन्हा वाकून बघितलं.

"पडला असेल कुठेतरी," तो म्हणाला.

"पडताना पिशवी बांधून गेला का?"

तो जीपच्या चाकाला टेकून मातीतच बसला. सून पिशवी मुठीत धरून तडक फिटरकडे निघाली. दोन मैलांची वाट, आणि पाऊस भुरभुरत होता. वाटभर ती एकटीच बडबडत होती.

फिटर पंपाची मोटर खोलून बसला होता. त्याने पिशवी उलटसुलट केली आणि तो एवढ्या जोरात हसला की हातातला स्क्रू-ड्रायव्हर पडला.

"अजून आहे ही? ही माझीच पिशवी! अकरा वर्षं झाली. पुढच्या शाफ्टचा क्रॉस तुटला होता. क्रॉस म्हणजे एवढासा सांधा असतो, दांडा फिरता ठेवणारा. मीच शाफ्ट काढून दिला तुमच्या सासऱ्यांना. म्हटलं, दोन दिवस चालवा, तोवर क्रॉस मागवतो. आला की शाफ्ट घेऊन या. क्रॉस आला, मी निरोप पाठवले, पण हे काही आले नाहीत. एकदा पुलावर आठवण करून दिली, तर चारचौघांत माझ्या अंगावर धावून आले. तेव्हापासून बोलणं बंद."

"म्हणजे गाडी अकरा वर्षं..."

"दोन चाकांवर! मागच्या चाकांना पकड यावी म्हणून वाळू टाकत असतील ना?"

सुनेने मान हलवली. तिला पोती आठवली, नऊ पावसाळ्यांतली सगळी.

"तुमचे मालक त्या चढावर दोन चाकांनी गाडी नेतात? रोज?" फिटर आता हसत नव्हता. "मला नाही जमायचं बुवा."

हे ऐकलं आणि सुनेला रडूच फुटलं. फिटर गडबडला, हात पुसले आणि हत्यारांची पिशवी उचलली. "चला. क्रॉस अजून आहे माझ्याकडे. शाफ्ट मिळाला तर संध्याकाळपर्यंत बसवतो. न मिळाला तर महिनाभर विसरा."

फिटरला फाटकात बघताच ओट्यावरचे सासरे उठून उभे राहिले. तोंड उघडलं, पण सुनेच्या हातातली पिशवी दिसली आणि ते पुन्हा खाली बसले. नवरा अजून चाकापाशीच होता.

"मामंजी, शाफ्ट कुठे आहे?" सुनेने विचारलं.

"कसला शाफ्ट?"

"मामंजी, उद्या उशीर झाला तर काम गेलं. मग हा ओटा असेल आणि आपण असू. कुठे आहे?"

फिटर इकडे तिकडे बघू लागला. मग सासऱ्यांनी हात वर केला आणि बोट गोठ्याकडे केलं.

गोठ्यात म्हैस होती. म्हशीच्या गळ्यात दावं होतं, आणि दावं ज्या लोखंडी खुंट्याला बांधलं होतं त्याचं टोक दोन कानांचं होतं. एका कानाच्या भोकातून दावं ओवलेलं. लग्न झाल्यापासून सून रोज दोन वेळा त्याच खुंट्याला म्हैस बांधत आली होती. किती चांगला खुंटा आहे, हलत नाही की वाकत नाही, असं ती शेजारणीला कौतुकाने सांगायचीही.

फिटर खुंट्यापाशी उकिडवा बसला. "अकरा वर्षं तुमची म्हैस फोर-व्हीलमध्ये होती," तो म्हणाला. कुणीही हसलं नाही.

नवऱ्याने कुदळ घेतली. कुणाला जवळ येऊ दिलं नाही. शेण, माती, दगड, सगळं बाजूला फेकत तो खणत राहिला. घाव नको तेवढ्या जोराने बसत होते आणि म्हैस बिचकून मागे सरत होती. दांडा वर आला तेव्हा त्याचं जमिनीतलं अंग टायरच्या ट्यूबमध्ये गुंडाळलेलं निघालं, तारेने बांधलेलं. फिटरने ट्यूब चिरली. आत ग्रीस होतं, आणि ग्रीसखाली लोखंड नव्यासारखं.

"गंजू नये म्हणून," सासरे मागे येऊन उभे राहिले होते. "परत बसवायचाच होता. तेव्हा तुझ्या आईच्या आजारपणात राहून गेलं. पुढच्या मोसमात बसवू म्हटलं. मग लोक फोरव्हीलवाले, फोरव्हीलवाले म्हणत राहिले. कसं सांगणार? एक वर्ष गेलं की दुसऱ्या वर्षी सांगणं अजून अवघड."

"आणि मला सांगणं?" नवऱ्याने विचारलं. तो कुदळीच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून उभा होता, धापा टाकत. "मला गाडी येत नाही, असं दहा वर्षं सगळ्यांना सांगत होतात. तुम्हाला ठाऊक होतं."

सासरे म्हशीकडे बघत राहिले.

"ठाऊक होतं ना?"

"होतं," सासरे म्हणाले.

नवऱ्याने कुदळ भिंतीला टेकवून ठेवली आणि शाफ्ट उचलून फिटरच्या मागे गेला. त्यानंतर तो बापाशी एक अक्षरही बोलला नाही. दिवस मावळेपर्यंत दोघं गाडीखाली होते. सून चहा करून देत होती, कंदील धरत होती आणि मधूनमधून जुना खुंटा शोधणाऱ्या म्हशीला शिव्या घालत होती. शेवटी म्हैस झाडाला बांधली.

रात्रभर पाऊस कोसळला. पहाटे जीप पहिल्या किल्लीला सुरू झाली नाही, तिने तरी आपला स्वभाव का सोडावा? ढकलून सुरू केली. सून ठोकळा उचलायला मागे गेली, तर ठोकळा जागेवर नव्हता. सासरे डोक्यावर गोणपाट घेऊन फाटकात उभे होते. ठोकळा त्यांच्या बगलेत.

"मी येतो मागून," ते म्हणाले.

"मामंजी, गुडघा..."

"येतो म्हटलं ना! तू बस."

कुठे बसायचं हेच तिला क्षणभर सुचेना. मग ती पुढे नवऱ्याच्या शेजारी बसली. चढाच्या वेळी ती त्या सीटवर कधीच बसली नव्हती. तिथून रस्ता भलताच उंच दिसत होता.

चढाच्या पायथ्याशी नवऱ्याने छोटी लिव्हर ओढली. ओठ घट्ट मिटले, मान पुढे काढली आणि रोजच्यासारखा दरीकडच्या काठाने, दगड चुकवत गाडी घालू लागला. कालच्या जागी चाकं घसरली. तिने दाराचा दांडा धरला. मागचा भाग थोडा फिरला, मग पुढून कुणीतरी हात धरून ओढावं तशी जीप ओढली गेली आणि चिखलातून वर निघाली. वळण गेलं, दुसरं वळण गेलं. वस्तीच्या सपाटीवर येऊन गाडी उभी राहिली तेव्हा सव्वासहाही झाले नव्हते. बाया दुधाच्या बादल्या घेऊन यायला लागल्या होत्या.

नवरा स्टिअरिंग सोडेना.

"अगं, मी काहीच केलं नाही," तो म्हणाला. "नुसती चढली. एवढंच असतं होय?" आणि त्याचे डोळे भरून आले. "दहा वर्षं मी काय करत होतो?"

"दोन चाकांवर चढवत होता," सून म्हणाली. "फिटर म्हणाला, त्याला जमलं नसतं. काल सांगायचं राहिलं."

कॅन भरेपर्यंत सासरे वर पोचले. गुडघ्यापर्यंत चिखल, छाती भात्यासारखी हलत होती. एकदाही न लागलेला ठोकळा त्यांनी सपाट जमिनीवर मागच्या चाकाला टेकवला आणि त्यावर हात ठेवून श्वास घेतला.

"आज लवकर की फोरव्हीलवाले!" एक म्हातारी म्हणाली.

"मला तसं म्हणू नका," सासरे म्हणाले. आवाज फुटत नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू जाईल एवढा काढला. "अकरा वर्षं गाडीला पुढचा शाफ्ट नव्हता. मी काढून लपवला होता. याला गाडी येत नाही म्हणून तुमच्यासमोर बोलायचो ते खोटं होतं. गाडी याला येते. माझ्याहून चांगली येते."

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. म्हातारीने हातातलं झाकण कॅनवर ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. नवरा समोरच्या काचेतून बघत होता. सुनेला वाटलं, आता हा काय बोलतो कोण जाणे.

"बाबा," तो म्हणाला, "ठोकळा गाडीत टाका आणि मागे बसा. सात वाजतील."

सासरे निमूटपणे कॅनच्या मधे जाऊन बसले. उतार लागला तसा मागून आवाज आला, "दुसऱ्या गिअ..." आणि तिथेच थांबला. नवऱ्याने पहिला गिअर टाकला होता, आणि तो बरोबर होता.

सातला दहा कमी असताना जीप पुलाच्या चढणीवर थांबली. डेअरीच्या बाबूने घड्याळ बघितलं, कानाला लावलं, पुन्हा बघितलं. ट्रॅक्टरवाला पलीकडे तोंड करून विडी पेटवत होता. जीप हळूच मागे सरकायला लागली, हँडब्रेक होताच कुठे? सुनेचा हात सवयीने दाराकडे गेला.

"तू बस," नवरा म्हणाला.

तिने आरशात बघितलं. सासरे ठोकळा घेऊन मागून खाली उतरत होते.